जुन्या कॉम्प्युटरवरचे प्रोग्राम नव्यावर चालत नाहीत, फायली उघडत नाहीत: कुठे अडतं आणि काय करायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. जुन्या मशीनमधलं प्रोग्राम फाइल्सचं अख्खं फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घेतलं, नव्या मशीनवर टाकलं, आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. किंवा अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी मदतीची फाइल) सापडत नाही असा एक चौकोन तेवढा आला. ती डीएलएल नेटवरून शोधून आणली की प्रोग्राम दुसरी मागतो, मग तिसरी. इथेच थांबा. असल्या सुट्या डीएलएल देणाऱ्या साइटवरून व्हायरस येण्याची शक्यता जास्त, प्रोग्राम चालू होण्याची कमी.

विंडोजमध्ये प्रोग्राम एका फोल्डरात मावत नाही. इन्स्टॉल होताना त्याच्या मुख्य फायली प्रोग्राम फाइल्समध्ये जातात, सगळ्या युझरना लागणारा मजकूर प्रोग्रामडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, तुमच्या स्वतःच्या सेटिंग्ज ॲपडेटामध्ये आणि बाकी असंख्य नोंदी रजिस्ट्री या विंडोजच्या नोंदवहीत. कुणी सोबत सर्व्हिस (मागे सतत चालणारा भाग) बसवतं, कुणी ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र चालवणारा भाग). फोल्डर उचललं की यातला एकच तुकडा हाती येतो. म्हणून प्रोग्राम न्यायचा नसतोच. तो नव्याने इन्स्टॉल करायचा असतो. न्यायचा असतो तो त्याचा डेटा, त्याच्या सेटिंग्ज आणि त्याचं लायसन्स. लोक नेमकं उलटं करतात: प्रोग्राम कॉपी करत बसतात आणि डेटा कुठे होता ते जुनी डिस्क फॉरमॅट झाल्यावर आठवतं.

याला अपवाद आहेत. पोर्टेबल म्हणून मिळणारे प्रोग्राम फोल्डरसकट हलवले तरी चालतात. स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घेतलेल्या गेमचं फोल्डरही नेता येतं. नव्या मशीनवर स्टीम इन्स्टॉल करून फायली तपासायला सांगितलं की कमी असेल तेवढंच ते उतरवून घेतं. प्रोग्रामसकट सगळं हलवून देतो म्हणणारी विकतची सॉफ्टवेअरही आहेत. साध्यासुध्या प्रोग्रामपुरती ती चालतात, पण ज्यासाठी माणूस पैसे मोजायला तयार होतो, ते लायसन्सवालं किंवा ड्रायव्हरवालं सॉफ्टवेअर नेमकं त्यांच्याकडूनही नीट येत नाही. विंडोजचं स्वतःचं ईझी ट्रान्सफर विस्टा, ७ आणि ८ मध्ये होतं, १० पासून गेलं. आणि तेही प्रोग्राम नेत नव्हतंच. राहिला डिस्क क्लोन करण्याचा, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढण्याचा मार्ग. मशीन तेच ठेवून फक्त डिस्क बदलायची असेल तर क्लोनसारखं दुसरं काही नाही. मशीनच बदलायचं असेल तर मात्र जुने ड्रायव्हर आणि दहा वर्षांचा कचरा नव्या घरात येतो, वर विंडोज ॲक्टिव्हेट नाही असं सांगतं. मी तो करत नाही.

जुनं मशीन चालू आहे तोवर

लायसन्सचं काम पहिलं, कारण नंतर ते अवघड होतं. बरीच महागडी सॉफ्टवेअर लायसन्स एका मशीनशी किंवा ठरावीक मशीनशी बांधतात. अडोबीचं क्रिएटिव्ह क्लाउड एका वेळी दोन मशीनवर ॲक्टिव्हेट राहतं. टॅलीमध्ये लायसन्स ‘सरेंडर’ करायचा पर्याय आहे, तो जुन्या मशीनवर वापरून मगच नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं. इतरांमध्ये हेच बटण डीॲक्टिव्हेट किंवा साइन आउट नावाने हेल्पच्या किंवा अकाउंटच्या मेन्यूत सापडतं. प्रोग्राम नुसता अनइन्स्टॉल केल्याने लायसन्स सुटतंच असं नाही. मशीन आधीच बंद पडलं असेल तर कंपनीच्या सपोर्टला बिल, सिरियल नंबर आणि खरेदीच्या वेळचा ईमेल द्यावा लागतो. तो ईमेल कुठला होता हे आठवण्यातच निम्मा वेळ जातो, म्हणून आत्ताच लिहून ठेवा.

ऑफिसच्या बाबतीत फरक लक्षात घ्या. मशीनसोबत आलेलं ओईएम ऑफिस त्या मशीनपुरतंच असतं. सुटं विकत घेतलेलं रिटेल हलवता येतं. ३६५ चं सबस्क्रिप्शन तर अकाउंटला जोडलेलं असतं, लॉगिन केलं की झालं.

इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामची यादी हवी. सेटिंग्जमधल्या ॲप्सच्या पानाचे स्क्रीनशॉट पुरतात. कमांडची सवय असेल तर विंगेट (विंडोजमधलं प्रोग्राम इन्स्टॉल करणारं साधन) एक्स्पोर्टने यादीची एक फाइल बनते आणि नव्या मशीनवर विंगेट इम्पोर्ट चालवलं की त्यातले जे प्रोग्राम विंगेटला माहीत आहेत ते एकामागून एक इन्स्टॉल होतात. जे माहीत नाहीत त्यांची नावं ते एक्स्पोर्टच्या वेळीच दाखवतं. तीच तुमची हाताने करायची यादी.

“डिस्क जोडली, फोल्डर दिसतं, पण ॲक्सेस डिनाइड येतं”

जुनी डिस्क काढून केसिंगमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत) घातली आणि यूएसबीने जोडली की हे हमखास येतं. (डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा पॉवर ॲडॅप्टर लागतो; नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही आणि लोक डिस्क गेली म्हणून बसतात. एम डॉट टू, म्हणजे पट्टीसारखी छोटी डिस्क असेल तर साटा आणि एनव्हीएमई या तिच्या दोन प्रकारांची केसिंग वेगवेगळी असतात, विकत घेताना बघून घ्या.)

विंडोज तुम्हाला नावाने ओळखत नाही, एसआयडी नावाच्या एका लांब क्रमांकाने ओळखतं. जुन्या आणि नव्या मशीनवर युझरचं नाव एकच असलं तरी हे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे जुन्या फोल्डरच्या दृष्टीने तुम्ही परके. कंटिन्यूचं बटण आलं तर दाबा आणि धीर धरा. फायली लाखांत असतील तर हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहते. त्याने नाही झालं तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, आणि वर ओनरसमोरच्या चेंजमध्ये आपलं नाव घालून खालच्या उपफोल्डरांच्या खुणेवर टिक. हे फक्त हव्या त्या फोल्डरला करा. जुनं विंडोज त्या डिस्कवरून पुन्हा चालू करायचं असेल तर अख्ख्या डिस्कचा ओनर बदलू नका, ते नीट चालू होणार नाही.

पण दोन प्रकार असे आहेत जे दिसतात साधारण असेच आणि ओनर बदलून अजिबात सुटत नाहीत. डिस्कच्या आयकॉनवर कुलूप दिसतंय आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जातेय, तर ते बिटलॉकर, म्हणजे अख्खी डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. अनेक लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, मालकाला पत्ताही नसतो. ती की बहुतेकदा त्याच अकाउंटच्या वेबपेजवर डिव्हाइसच्या नावासमोर ठेवलेली असते. चौकटीत दिसणाऱ्या की आयडीची पहिली अक्षरं जुळवून योग्य ती निवडा. की कुठेच नसेल तर डेटा मिळत नाही, कुणी कितीही खात्री दिली तरी. जुनं मशीन अजून चालू असेल तर डिस्क काढूच नका, त्याच मशीनवरून कॉपी करा.

दुसरा प्रकार ईएफएस, म्हणजे सुट्या फायली कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. यात डिस्क उघडते, फोल्डर उघडतं, फाइल मात्र उघडत नाही. फाइलवर छोटं कुलूप असतं, जुन्या विंडोजमध्ये नाव हिरवं दिसायचं. याची चावी म्हणजे जुन्या युझरचं सर्टिफिकेट. जुन्या मशीनवर सर्टिफिकेट मॅनेजर उघडून प्रायव्हेट की सोबत ते पीएफएक्स फाइलमध्ये एक्स्पोर्ट करायचं आणि नव्यावर त्या फाइलवर डबल क्लिक करून घ्यायचं.

“कॉपी अर्ध्यात थांबते”

एकाच मोठ्या फाइलवर थांबत असेल आणि जागा भरपूर असूनही फाइल फार मोठी आहे असं म्हणत असेल, तर पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, अर्थात आतलं आधी काढून.

नाव फार लांब आहे अशी कुरकूर आली तर ती २६० अक्षरांची जुनी मर्यादा. फाइलचं नाव छोटं असलं तरी डिस्कच्या अक्षरापासून फाइलच्या नावाच्या शेवटच्या अक्षरापर्यंतचा सगळा पत्ता मोजला जातो. ‘जुन्या कॉम्प्युटरचा बॅकअप नवीन’ अशा फोल्डरात आणखी तसंच फोल्डर टाकलं की ती ओलांडली जाते. वरचं नाव एका अक्षराचं करा, काम होतं.

फायली हजारोंनी असतील तर मी एक्स्प्लोररमधली कॉपी वापरतच नाही. विंडोजसोबत रोबोकॉपी नावाची कमांड येते. तिला आधी जुन्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, मग नव्याचा, आणि पुढे स्लॅश लावून पर्याय. ‘ई’ म्हणजे रिकाम्यांसकट सगळी उपफोल्डरं. ‘एक्सजे’ हा युझरचं फोल्डर कॉपी करताना विसरू नका: ॲपडेटाच्या आत जुन्या विंडोजसाठी ठेवलेले आडवाटेचे दुवे असतात, त्यांतून कॉपी गोल गोल फिरत खोल जाते. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ या दोघांपुढे कोलन देऊन १. हे शेवटचे दोन का, तर न सांगितल्यास रोबोकॉपी न उघडणाऱ्या एका फाइलसाठी दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. “रोबोकॉपी हँग झाली” म्हणतात ती बहुधा हीच.

संपल्यावर खाली एक छोटा तक्ता येतो. ओळी फोल्डर, फायली, बाइट्सच्या. रकाने टोटल, कॉपीड, स्किप्ड, मिसमॅच, फेल्ड, एक्स्ट्राज. मी फायलींच्या ओळीतला फेल्डचा आकडा आधी बघतो. शून्य असेल तर उत्तम. नसेल तर वर सरकून एररची ओळ शोधा: एरर ५ म्हणजे परवानगी नाही, एरर ३२ म्हणजे ती फाइल कुठल्या तरी प्रोग्रामने उघडून धरली आहे (आउटलुक आणि ब्राउझर बंद करा), एरर २३ म्हणजे डिस्कच नीट वाचता येत नाहीय. तीच कमांड पुन्हा दिली की आधी गेलेलं ती वगळते आणि राहिलेलं तेवढंच घेते. मध्येच लाइट गेली तरी काही बिघडत नाही, ते याचमुळे.

दोन गोष्टींपासून सावध. ‘एमआयआर’ पर्याय नव्या जागेतलं जे जुन्यात नाही ते पुसून टाकतो; दोन पत्ते चुकून उलटे लिहिले तर सगळंच गेलं. आणि डी ड्राइव्ह मुळापासून कॉपी केला तर कधीकधी नवं फोल्डर अदृश्य होतं. डेटा गेलेला नसतो. ड्राइव्हच्या मुळाशी असलेली लपवलेलं आणि सिस्टीम ही विशेषणं फोल्डरलाही चिकटलेली असतात. ॲट्रिब कमांडला वजा एच आणि वजा एस सांगितलं की ते दिसायला लागतं.

डिस्क टकटक आवाज करत असेल, किंवा एरर २३ एकामागून एक येत असतील, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. सर्वांत महत्त्वाचं फोल्डर एकट्याने कॉपी करा, मग पुढचं. स्कॅनडिस्क, चेकडिस्क असलं काही त्या डिस्कवर चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ते जास्तीचं काम असतं.

हळू चालतंय ही तक्रार वेगळी. यूएसबी २ च्या पोर्टवरून प्रत्यक्षात सेकंदाला ३०-३५ एमबी मिळतात, म्हणजे २०० जीबीला दोन तासांच्या आसपास. १०० एमबीपीएसच्या जुन्या लॅनवर तर सेकंदाला १२ एमबीच्या वर जात नाही. आणि दोन मशीन नेटवर्कने जोडताना पासवर्ड मागितला तर पिन चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्डच लागतो.

“फायली आल्या, पण उघडत नाहीत”

फाइलच्या नावाशेजारी निळा ढग असेल तर ती फाइल जुन्या डिस्कवर नव्हतीच. वनड्राइव्ह चालू असलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही फोल्डरं त्याच्या ताब्यात जातात, आणि जागा वाचवायला फायली क्लाउडमध्ये ठेवून इथे नुसती नावं राहतात. वनड्राइव्हमध्ये लॉगिन करून, फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि उतरू द्या. याच कारणाने डॉक्युमेंट्सचं फोल्डर रिकामं वाटतं: खऱ्या फायली युझरच्या फोल्डरात वनड्राइव्ह नावाच्या फोल्डराच्या आत असतात.

मराठी डॉक्युमेंट उघडलं आणि इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांचा घोळ दिसला तर फाइल खराब झालेली नाही. ती श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच युनिकोडपूर्व (देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत रुळण्याआधीच्या) फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. त्या फॉन्टमध्ये आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक. फक्त चित्र देवनागरीचं असतं. म्हणून मंगलसारखा युनिकोड फॉन्ट लावून काही होत नाही. जुन्या मशीनच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून तो फॉन्ट आणा. तिथे नसेल तर ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेने बघा. विंडोज १० पासून एकट्या युझरने बसवलेले फॉन्ट तिथे जातात. बसवताना ‘इन्स्टॉल फॉर ऑल युझर्स’ निवडा. कायमचा उपाय म्हणजे युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करणं, पण मूळ फाइल ठेवून, तिच्या प्रतीवर. आणि कन्व्हर्टरवर विश्वास ठेवून पुढे जाऊ नका: पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. ‘विद्यार्थ्यांची’सारखा शब्द नीट आला तर बाकीचं बहुधा आलेलं असतं.

एक्सेलमधले दुवे तुटणं, फोटोच्या कॅटलॉगमध्ये सगळीकडे प्रश्नचिन्ह दिसणं, हे पत्ता बदलल्यामुळे होतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने विंडोज चालू केलं की युझरच्या फोल्डराला ईमेलची पहिली पाच अक्षरं नाव म्हणून मिळतात, आणि जुना पत्ता लागू होत नाही. डेटा डी ड्राइव्हवर होता आणि आता ई झाला असेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर पुन्हा डी करा. शंभर दुवे एकेक दुरुस्त करण्यापेक्षा सोपं.

“मेल, पासवर्ड, नोट्स कुठे गेल्या?”

हे दिसणाऱ्या फोल्डरांत नसतं, म्हणून राहून जातं. ॲपडेटा बघायला एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर टिक करा.

क्लासिक आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्समध्ये असते, जुन्या मशीनवर ॲपडेटाच्या लोकलमध्येही सापडते. ती आणायलाच हवी. ओएसटी दिसली तर ती सोडा, ती सर्व्हरवरच्या मेलची नक्कल आहे, लॉगिन केलं की नवी बनते. थंडरबर्ड आणि फायरफॉक्स यांचं प्रोफाइल फोल्डर जसंच्या तसं उचललं तरी चालतं, पासवर्डसकट. क्रोमचं तसं नाही. त्याचं फोल्डर नेलं तर बुकमार्क येतात, पण पासवर्ड जुन्या विंडोज अकाउंटच्या चावीने बंद असतात. सिंक चालू करा, किंवा पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही एक्स्पोर्ट करा. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा म्हणजे कळेल: सगळे पासवर्ड उघडे, एका ओळीत एक. इम्पोर्ट झालं की लगेच पुसा, पेन ड्राइव्हवरूनही आणि रीसायकल बिनमधूनही.

स्टिकी नोट्सची माहिती प्लम डॉट एसक्यूलाइट या फाइलमध्ये असते, ॲपडेटाच्या लोकलमधल्या पॅकेजेसमध्ये, मायक्रोसॉफ्ट स्टिकी नोट्सच्या फोल्डरात. नुसती ती उचलू नका, शेजारच्या त्याच नावाच्या दोन फायलीही घ्या. अलीकडे लिहिलेलं कधीकधी त्यांच्यातच असतं.

“नव्याने इन्स्टॉल केलं तरी चालत नाही”

व्हीसीरनटाइम किंवा एमएसव्हीसीपी अशा नावाची डीएलएल मागत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल घ्या. ६४ बिट मशीन असलं तरी एक्स८६ (३२ बिटचं) आणि एक्स६४ (६४ बिटचं) दोन्ही बसवा, कारण प्रोग्राम ३२ बिट असेल तर त्याला पहिलंच लागतं. २०१५ पासूनच्या प्रोग्रामना एकच पॅकेज पुरतं. २०१०, २०१२, २०१३ ची मात्र वेगवेगळी. डॉट नेट ३.५ मागितलं तर ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’मध्ये टिक केली की झालं.

फार जुना, १६ बिट प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. डॉसचा असेल तर तसे प्रोग्राम चालवणारं डॉसबॉक्स, नाहीतर व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये) जुनं विंडोज. जुन्या प्रिंटरला किंवा डोंगलला (सॉफ्टवेअरचं लायसन्स असलेल्या यूएसबी चावीला) ६४ बिट ड्रायव्हर नसेल तर कंपॅटिबिलिटी मोडने काही फरक पडत नाही. नवा लॅपटॉप एआरएम (नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या) प्रोसेसरचा असेल तर आणखी एक अडचण: साधे प्रोग्राम तो अनुवाद करून चालवतो, ड्रायव्हर मात्र खास एआरएमसाठी लिहिलेलाच हवा. विकत घेण्याआधी प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन यांची यादी घेऊन हे तपासावं.

जुनं मशीन लगेच देऊन टाकू नका. महिनाअखेरचं किंवा वर्षअखेरचं एखादं काम असतं, जे करायला बसल्यावरच एखादी फाइल आठवते. ते एकदा नव्यावर करून बघा. मग सेटिंग्जमधून ‘रीसेट धिस पीसी’, ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’, आणि पुढच्या पडद्यावर ‘क्लीन डेटा’ चालू करून पुसा. ही शेवटची खूण मुळात बंद असते, आणि ती तशीच राहिली तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंच काही परत काढता येतं.